झाशीतील एक मुक्काम

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त जर्मनीस जाण्याचा योग आला असता फ्रँकोनिया नावाच्या भागातील एका लहानशा खेड्यात मी दोन रात्री राहिलो होतो. गावात चर्च एक, पाण्याचा ओहोळ एक आणि उतरण्याची जागाही एकच. अशा जागेला त्या मुलखात ‘गास्टहोफ’ म्हणतात. दारावर लोखंडी दांडीला एक सोनेरी गरुड टांगलेला. कोठे सिंह, कोठे मुकुट, कोठे गरुड, अशी ही चिन्हे तिकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असतात, आणि वाचता न येणाऱ्या वाटसरूलाही त्यांवरून ठिकाणाची ओळख पटावी असा त्यांचा मूळ हेतू. तळमजल्यावर जेवणाची खोली आणि वर झोपण्याच्या आठ-दहा खोल्या. घरधनी स्वतः चुलीपाशी उभे, घरधनीणबाई पाहुण्यांची नोंद करीत आहेत, थोरली मुलगी ताटल्या आणून ठेवीत आहे, आणि भिंतीवरच्या छायाचित्रांतून त्यांचे आजे-पणजे हा सारा व्यवहार पाहत आहेत. कुटुंबानेच चालविलेले ते घर होते. पगारी माणूस मला तेथे एकही दिसला नाही.

पहिल्या संध्याकाळी माझ्या हातून एक चूक झाली. कोपऱ्यातील एक मोठे मेज रिकामे होते, तेथे जाऊन मी बसलो. बाई लगबगीने आल्या आणि अतिशय नम्रपणे त्यांनी मला दुसरीकडे बसविले. ते मेज गावातल्या नित्याच्या मंडळींचे. ‘स्टामटिश’ म्हणतात त्याला. तेथे परक्याने बसावयाचे नाही. खोली रिकामी असली तरी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कागदावर मांडलेला हिशेब समोर आला. मी पैसे दिले, हस्तांदोलन झाले आणि मी बाहेर पडलो. माझे त्यांच्याकडे काही राहिले नव्हते, त्यांचे माझ्याकडे काही राहिले नव्हते. पाहुणचार उत्तम झाला होता, आणि तो पुरता फिटलाही होता.

पुढे एकदा झाशीच्या बडा बाजारातून हिंडताना या फिटलेल्या हिशेबाची मला आठवण झाली. कारण झाशीतल्या एका अशा मुक्कामाचा वृत्तांत मराठीत आहे की, ज्याचा हिशेब अद्यापि मिटलेला नाही. आज त्याच मुक्कामाविषयी आपल्याशी बोलावयाचे आहे.

बडा बाजार हा झाशीच्या जुन्या शहराचा गाभा. किल्ल्याच्या टेकडीखाली गल्ल्यांचे जाळे पसरले आहे. त्यांतून वाट काढीत गेले की दुकानांच्या गर्दीतच राणीमहालाची भिंत लागते. १८५४ साली झाशीचे राज्य खालसा झाले, किल्ला सोडावा लागला, त्या वेळी लक्ष्मीबाई याच महालात राहावयास आल्या. आज तेथे पुरातत्त्व खात्याने आसपासच्या प्रदेशातील जुन्या मूर्ती मांडून ठेवल्या आहेत. हात तुटलेल्या, नाक झिजलेल्या त्या मूर्तींमधून हिंडताना वरच्या दिवाणखान्यातील रंगविलेले छत पाहावयास विसरू नये. बाहेर मात्र बाजाराचा कोलाहल असतो, आणि त्या कोलाहलात मराठी शब्द कानी पडणे हा आता योगायोगच म्हणावयाचा.

एके काळी तसे नव्हते. किल्ला ओरछ्याच्या वीरसिंहदेवाने सतराव्या शतकाच्या आरंभी बांधला. छत्रसालाने बाजीराव पेशव्यांना आपल्या राज्याचा वाटा दिला आणि बुंदेलखंडात मराठ्यांचे पाऊल पडले. १७४२ साली नारो शंकर सुभेदार म्हणून आला. त्याने किल्ला वाढविला, ओरछ्याकडील वस्ती आणून शहर वसविले. पुढे नेवाळकर घराण्याकडे सुभेदारी आली, ती वंशपरंपरेने चालली, आणि १८३२ मध्ये इंग्रजांनी रामचंद्ररावांना राजा ही पदवी दिली. राज्य म्हटले की त्यामागोमाग कारकून आले, शास्त्री आले, वैदिक, हरदास, आचारी, पागेवरचे लोक आले. कोकणातील आणि देशावरील शेकडो कुटुंबे या टेकडीच्या पायथ्याशी येऊन राहिली. गावाकडे ज्यांचा एकमेकांशी रोटीव्यवहारसुद्धा जपून चाले, ते देशस्थ, कऱ्हाडे, कोकणस्थ असे सारे तेथील लोकांच्या दृष्टीने एकच झाले. त्यांना एकच नाव पडले : ‘दक्षिणी’.

आता आपल्या प्रवाशाकडे येऊ. विष्णुभट गोडसे हे कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील पेणजवळच्या वरसई गावचे भिक्षुक. वय तिशीच्या आत-बाहेर, घरी दारिद्र्य आणि डोक्यावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत, तेथे दक्षिणा भरपूर मिळेल, अशी वार्ता आली, आणि १८५७ च्या मार्च महिन्यात चुलते रामभट यांच्याबरोबर हा तरुण बैलगाडीने उत्तरेस निघाला. मीरत आणि दिल्ली येथे काय घडणार आहे, याची त्या दोघा भटजींना कल्पना असण्याचे कारणच नव्हते. महूच्या आसपास शिपायांची गाठ पडून त्यांना पुढील संकटाची चाहूल लागली, परंतु मागे फिरण्यात अर्थ नव्हता. कर्ज घरी वाट पाहतच होते. असे ते यज्ञाच्या आशेने निघालेले लोक बंडाच्या वणव्यात शिरले, आणि ग्वाल्हेर करून झाशीत येऊन पोहोचले.

अशा प्रवाशाने उतरावे कोठे? हा प्रश्न आपण समजतो तितका साधा नाही. उत्तर हिंदुस्थानात मोठमोठ्या रस्त्यांवर सराया होत्या. शेरशहापासून मोगलांपर्यंत अनेकांनी त्या बांधल्या होत्या. सराई म्हणजे चार भिंतींच्या आत ओळीने खोल्या, मधे विहीर, जनावरांना बांधावयास जागा. त्या चालवीत असत भटियारे. भटियारा आणि भटियारीण असे जोडपे पाहुण्याला खाट देई, भाकरी भाजून देई, घोड्याला दाणावैरण देई, आणि चार पैसे घेई. हा धंदा बापाकडून मुलाकडे चाले. म्हणजे आपल्या त्या जर्मन गास्टहोफचे नाते लावावयाचे तर ते या भटियाऱ्यांशीच लागते. कुटुंबाने चालविलेली खाणावळ आपल्या देशात नव्हती, असे म्हणण्यात काही अर्थ नाही. ती होती आणि चांगली गजबजलेली होती. कंपनी सरकारने डाकेच्या रस्त्यांवर बंगले बांधून त्यांत खानसामे नेमले, ते गोऱ्या साहेबांसाठी.

पण विष्णुभटांना या दोन्ही जागा बंद होत्या. भटियारिणीच्या हातची भाकरी त्यांच्या सोवळ्यात बसणारी नव्हती. त्यांच्यासाठी तिसरी वाट होती, ती आपल्या माणसाच्या घराची. परगावी गेल्यावर दक्षिणी ब्राह्मणांची वस्ती कोठे आहे ते विचारावयाचे, तेथे जाऊन आपले गाव, गोत्र, शाखा सांगावयाची. मग प्रश्नांची मालिका सुरू होई. अमक्याचे तुम्ही कोण? तमक्यांच्या घरी तुमची कोणती मुलगी दिली? चार-सहा प्रश्नांत कोठे तरी धागा जुळे. एकदा तो जुळला की पाय धुवावयास पाणी येई, पाट मांडला जाई, आणि मग मुक्काम एका रात्रीचा असो की तीन महिन्यांचा, त्याविषयी कोणी अवाक्षर काढीत नसे.

या व्यवस्थेचे कौतुक करताना एक गोष्ट मात्र झाकून ठेवू नये. हे दार सर्वांसाठी उघडे नव्हते. भटियाऱ्याच्या सराईत पैसा देणारा कोणीही राहू शके, आणि त्या जर्मन खेड्यात माझे गोत्र कोणी विचारले नाही. विष्णुभटांना जे घर मिळाले ते जातीच्या ओळखीवर मिळाले. वाटेत त्यांच्याचसारखा थकलेला, पण दुसऱ्या जातीचा प्रवासी त्या ओटीवर चढू शकला नसता. मला त्या कोपऱ्यातील मेजावरून उठविले गेले, ते मी परका म्हणून. आपल्याकडे एकेक घर हेच राखून ठेवलेले मेज होते.

तथापि, आत घेतलेल्यासाठी हा आतिथ्यधर्म किती टोकापर्यंत पाळला जाई, हे झाशीतच पाहावयास मिळते.

झाशीत गोडसे काका-पुतणे उतरले ते केशवभट मांडवगणे यांच्या घरी. गाव त्या वेळी राणीच्या अमलाखाली होते. जून १८५७ मध्ये तेथील पलटणी उठल्या, इंग्रजांची कत्तल झाली, शिपाई दिल्लीकडे निघून गेले, आणि रिकाम्या पडलेल्या राज्याचा कारभार लक्ष्मीबाईंनी हाती घेतला. पुढील नऊ-दहा महिने झाशीत जुने दिवस परतल्यासारखे झाले होते. दानधर्म सुरू, अनुष्ठाने सुरू. मंगळवारी आणि शुक्रवारी बाईसाहेब तलावाकाठच्या महालक्ष्मीच्या दर्शनाला निघत, कधी पालखीतून, कधी घोड्यावर पुरुषी पोशाखात. ती मिरवणूक पाहणाऱ्यांच्या दाटीत आपले विष्णुभटही उभे असत. त्यांची नजर मोठी चौकस. शास्त्रार्थ, दक्षिणा, जेवणावळी हे तर ते टिपतातच, कारण तो त्यांचा धंदाच. परंतु थंडीने कुडकुडणारे भिकारी पाहून राणीने त्यांना टोप्या, बंड्या आणि घोंगड्या वाटावयास लावल्या, ही हकीकतही त्यांच्याच लेखणीतून आपल्यापर्यंत आली आहे. कोकणातल्या माणसाला बुंदेलखंडातील थंडी किती झोंबली असेल, ते या एका नोंदीवरून समजते.

अशा दिवसांत पाहुणा म्हणजे भार वाटत नसतो. घरात धान्य असते. पाहुणा अनुष्ठानाला हाताशी येतो, दूरच्या गावच्या वार्ता आणतो. कोण वारले, कोणाची मुंज झाली, कोकणात पाऊस कसा झाला, हे सारे सहाशे मैलांवर बसलेल्या कुटुंबाला दुसरे कोण सांगणार? डाकेने पत्रे येत असत, नाही असे नाही. पण पत्र प्रश्नांना उत्तरे देत नाही. माझी अशी समजूत आहे की, परमुलखात राहणारी आपली घरे पाहुण्याला ठेवून घेत, त्यात पुण्यापेक्षाही ही भूक मोठी असे. पाहुण्याच्या रूपाने त्यांना आपला गाव घरी जेवावयास बसलेला दिसे.

मग मार्च उजाडला. २१ मार्च १८५८ रोजी सर ह्यू रोजची फौज शहरासमोर येऊन ठेपली. विष्णुभटांना त्याआधी निघून जाता आले असते काय, आणि तरी ते का राहिले, याची चर्चा आज व्यर्थ आहे. एकदा वेशी बंद झाल्यावर यजमान आणि पाहुणा हा भेद उरला नाही. तोफा सुरू झाल्या. किल्ल्यावरून राणीचे गोलंदाज उत्तर देत होते. घनगर्ज, भवानीशंकर, कडकबिजली ही तोफांची नावे झाशीत अद्यापि मुलांच्या तोंडी आहेत. रात्री आकाशातून येणारे पेटते गोळे सर्वांना आपल्याच घरावर पडणार असे वाटत, हे त्या प्रवासवर्णनातील चित्र वाचणाऱ्याच्या मनातून सहज जात नाही. तात्या टोपे वीस हजारांवर फौज घेऊन मदतीला आले, तेव्हा शहरात आनंदाचे वारे वाहिले. तो आनंद एक दिवस टिकला. १ एप्रिल रोजी बेतवेच्या काठी तात्यांचा मोड झाला आणि ३ एप्रिलच्या पहाटे इंग्रजांनी तटाला शिड्या लावल्या.

तट ओलांडल्यावर लढाई शहरातल्या रस्त्यांवर आली. फौजेचे लक्ष्य राजवाडा, आणि राजवाडा दाट वस्तीत. तेव्हा आज जेथे आपण दुकानाच्या पायरीशी उभे राहून भाव करतो, त्याच गल्ल्यांतून वाड्यापर्यंतची वाट घराघराशी झुंजत काढली गेली. दुतर्फा घरे पेटली. वाड्यातही एकेका दालनासाठी, घोड्यांच्या पागेसाठी झटापट झाली. विष्णुभट सांगतात की, हलवाईपुऱ्याला आग लागली, कोष्टीपुऱ्यात मोठी कत्तल झाली. ४ एप्रिलच्या रात्री राणी किल्ल्यातून बाहेर पडली. शहर मागे राहिले. मांडवगण्यांचे घर मागे राहिले, आणि त्यात हे दोघे कोकणातले पाहुणे.

पुढल्या दिवसांचे वर्णन अंगावर काटा आणणारे आहे, आणि ते ज्या थंडपणे केले आहे त्यामुळे अधिकच. लुटीलासुद्धा एक क्रम होता. आधी सोने, नाणे, रुपे गेले. मग तांब्या-पितळेची भांडी गेली. मग कपडालत्ता. शेवटी धान्य. म्हणजे पहिल्या दिवशी घराची श्रीमंती गेली, मग घराची चूल गेली, मग अब्रू झाकणारे वस्त्र आणि अखेरीस उद्याचे जेवण. जीव मुठीत धरून लपलेल्या माणसांना पाण्याचा घोट मिळणे कठीण झाले. विष्णुभटांनी दक्षिणेतून साठविलेली पुंजीही याच लुटीत गेली. कर्ज फेडण्यासाठी ज्या पैशाकरिता वर्षभर पायपीट केली तो पैसा क्षणात नाहीसा झाला, पण त्या ठिकाणी ते आक्रोश करीत नाहीत. त्यांच्या शब्दांत कळवळा येतो तो निराळ्याच गोष्टीसाठी. राजवाड्यातील ग्रंथसंग्रह लुटारूंनी उधळला. ज्या पोथ्यांची नक्कल करून नेण्यासाठी दूरदूरचे पंडित येत, त्या रस्त्यावर फेकल्या गेल्या. भिक्षुकाला सोन्यापेक्षा पोथी जवळची वाटली, हे पाहून मला तो माणूस फार आवडतो.

आणि यजमान? ज्या घराने या दोघांना ठेवून घेतले ते घर लुटले गेले. पाहुण्याचे पैसे गेले ते गाठोड्यातले. यजमानांचे गेले ते पिढ्यांचे होते. पाहुणा जीव वाचवून उद्या पुढच्या वाटेला लागू शकत होता. यजमानाला जावयाला दुसरे घर नव्हते.

युरोपातही असे प्रसंग आले आहेत, म्हणून ही एकट्या झाशीची कथा मानावयाची नाही. ज्या जर्मनीच्या खेड्यातील शांत संध्याकाळीने मी भाषणाला आरंभ केला, ती जर्मनी १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धात अशीच होरपळली होती. सैनिक घराघरांत मुक्कामाला घातले जात. त्यांना पोसावयाचे कोणी, तर घरच्या माणसांनी. निघताना तेच सैनिक घर लुटून नेत. ‘पाहुणा’ या शब्दाची एवढी विटंबना दुसरी नसेल. १६३१ च्या मे महिन्यात माग्देबुर्ग शहर तर राखच झाले. त्या विध्वंसाचा एक वृत्तांत ओटो फॉन ग्वेरिके यांनी लिहून ठेवला आहे. हवेच्या दाबाचे ते प्रसिद्ध प्रयोग ज्यांनी पुढे केले तेच हे गृहस्थ. दोन अर्धगोल जोडून आतली हवा काढली तर घोड्यांनाही ते ओढून वेगळे करता येत नाहीत, हे आपण शाळेत शिकलो आहोत. ग्वेरिके हे त्या शहराचे रहिवासी होते, नगरसभेत होते, त्यांचे स्वतःचे घर गेले. म्हणजे तेथे यजमानाने लिहिले.

झाशीत पाहुण्याने लिहिले. मांडवगण्यांनी लिहून ठेवलेले काही आपल्या हाती नाही. शहर ज्यांचे होते, ज्यांची मुले तेथे वाढत होती, त्या झाशीकर दक्षिण्यांची त्या चौदा दिवसांची हकीकत त्यांच्या स्वतःच्या तोंडून आपण ऐकत नाही. वरसईच्या एका पाहुण्याच्या तोंडून ऐकतो. इतिहासात असे पुष्कळदा होते. ज्याचे सर्वस्व जाते, तो पुन्हा संसार उभारण्याच्या मागे लागतो. त्याला लेखणी धरावयास सवड होत नाही. ज्याला घरी परत जाता येते तो सांगू शकतो, कारण सांगावयाला त्याच्याजवळ ऐकणारी माणसे असतात.

विष्णुभटही लगेच लिहावयास बसले नाहीत. पुढे काल्पी, कानपूर, लखनौ, अयोध्या, काशी अशी यात्रा करून, वाटेत आणखी दोन-तीनदा लुटले जाऊन, गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते वरसईला परतले. द्रव्य आणावयास गेलेला मुलगा पाणी घेऊन आला. त्या पाण्याने त्यांनी आई-वडिलांना स्नान घातले. त्यानंतर जवळजवळ पंचवीस वर्षांनी, १८८३ च्या सुमारास, ते लिहावयास बसले, आणि तेही स्वतःहून नव्हे. कल्याणचे वैद्य हे त्यांचे यजमान. त्या घरातील चिंतामणराव वैद्य, म्हणजे पुढे महाभारताचे मीमांसक म्हणून ज्यांची ख्याती झाली तेच, यांनी आग्रह केला. येथेही यजमान आलाच, हे लक्षात घ्यावे. एका यजमानाच्या घरी जे भोगले ते दुसऱ्या यजमानाच्या सांगण्यावरून कागदावर उतरले. सरकारचा रोष ओढवेल या भयाने ग्रंथ हयातीत छापावयाचा नाही असे ठरले, आणि ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर, वैद्यांनी प्रसिद्ध केला. वैद्यांनी भाषा सावरली, मजकुरावर हात फिरविला. हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात राहिले, आणि त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये मूळ संहिता काढली तेव्हा वरसईच्या भटजींचा खरा आवाज, त्यातील सगळ्या ठसक्यानिशी आणि भाबडेपणानिशी, मराठी वाचकांना ऐकू आला. हिंदीत तो अमृतलाल नागरांनी नेला, आणि पुढे इंग्रजीतही त्याची भाषांतरे झाली.

इतक्या वर्षांनी आठवून लिहिलेले सर्वच बरोबर असेल, असे कोणी म्हणणार नाही. तारखा इकडच्या तिकडे झाल्या आहेत, ऐकीव गोष्टी पाहिलेल्यांत मिसळल्या आहेत, राजेरजवाड्यांच्या घरच्या वार्ता तर बाजारगप्पांच्याच मोलाच्या. अभ्यासकांनी त्यांची छाननी केली आहे आणि ती करावयासच हवी. मात्र कोणत्या घरात कोण होते, पाणी कोणी आणले, काय आधी लुटले गेले आणि काय मागून, या बाबतीत मनुष्याची स्मृती सहसा चुकत नाही. इंग्रज सेनाधिकाऱ्यांच्या अहवालांत तोफांचे तळ अचूक सापडतात. शहरातल्या एखाद्या माजघरात त्या दिवसांत काय चालले होते, ते त्यांत सापडत नाही, आणि सापडावे तरी कसे? ते अधिकारी तटाच्या दुसऱ्या बाजूला होते.

बडा बाजारात मी गेलो त्या दिवशी एका दुकानदाराने मला गादीवर बसविले. कोठून आलात, असे विचारले. मी गाव सांगितले. त्यावर त्याने पाणी मागविले, मग चहा मागविला, आणि राणीमहालाची वाट दाखवावयास आपला मुलगा बरोबर दिला. त्याने माझे गोत्र विचारले नाही, आणि मीही तेथे काही विकत घेतले नाही. एवढाच काय तो फरक दीडशे वर्षांत पडला असेल तर तो काही लहान नव्हे, असे मला त्या वेळी वाटून गेले.

मुक्कामाची ही हकीकत मात्र झाशीच्या तटाच्या आत संपत नाही. तिचा शेवट काल्पीच्या वाटेवर, एका गावाबाहेरच्या विहिरीवर आहे. झाशी सोडून निघालेले विष्णुभट त्या विहिरीवर पाणी काढीत होते. इतक्यात चार-सहा स्वार येऊन थांबले. त्यांतील एक पठाणी पोशाखात, अंगभर धूळ, तहानेने व्याकूळ. जवळ येताच त्यांनी ओळखले : बाईसाहेब! ज्यांच्या राज्यात ते अन्न जेवले, ज्यांच्या दानाच्या पंक्तीत बसले, त्या झाशीच्या धनीणबाई आता वाटेवरच्या विहिरीशी तहानेल्या उभ्या होत्या. विष्णुभट पुढे झाले आणि पाणी ओढून देऊ लागले. राणीने त्यांना थांबविले. तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी पाणी ओढू नये, असे म्हणून तिने दोर आपल्या हाती घेतला. बोलता बोलता ती म्हणाली की, स्वतःपुरते पाहिले असते तर आपले थोडक्यात भागले असते. मग मातीच्या भांड्यातले पाणी ओंजळीने प्यायली, घोड्यावर बसली, आणि काल्पीच्या दिशेने निघून गेली.